सरांचं मिनिट

रविवार, रात्री उशिरा

प्रिय सुसाट,

माझं ठीक आहे. गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आईचं बीपी आटोक्यात आहे, बाकी घरी सगळे मजेत. एवढं आधीच लिहून टाकतो, म्हणजे 'तब्येतीचं काही कळवत नाहीस' म्हणून उखडायला तुला जागा राहणार नाही. आता मुद्द्याचं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस, आणि ही गोष्ट तू शेवटपर्यंत ऐकायला हवीस. म्हणून पत्र.

सरांनी परवा साठ मोजले.

कसे मोजले ते तुला वेगळं सांगायला नको. डोळे मिटून, अंगठा तर्जनीवर टेकवून, ओठ न हलवता. साठ झाले की बोट वर. आपण घड्याळ धरून बसायचो आणि ते बोट मिनिटाच्या काट्यावर इतकं नेमकं उठायचं की तू एकदा त्यांचं मनगट तपासलं होतंस, कुठे घड्याळ लपवलंय का म्हणून! परवा मी त्यांच्याकडे गेलो होतो. गप्पा रंगल्या होत्या, हातांची थरथरही जरा कमी होती. मी म्हणालो, "सर, होऊन जाऊ दे एक मिनिट." त्यांचा चेहरा असा उजळला की काकू आतून बघायला आल्या. मी मोबाइलवर घड्याळ लावलं. बोट वर आलं तेव्हा दीड मिनिट उलटून गेलं होतं.

काकूंनी मला डोळ्यांनी खुणावलं, पण सरांनी माझ्या हातातून फोन घेऊन स्वतःच आकडा वाचला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्या दिवशी त्याचंही माझ्याकडून असंच झालं असेल का रे?"

'तो' म्हणजे तू. 'त्या दिवशी' म्हणजे कधी, ते तुला माहीत आहे.

तेव्हापासून त्यांना झोप नाही. काकूंचा फोन आला होता. सर रात्री उठून बसतात आणि मोजत राहतात. आपल्या शर्यतींची जुनी वही काढली आहे. एकेका पोराच्या नावापुढचा वेळ बघतात आणि विचारतात, हा बरोबर होता कशावरून? ज्या माणसाने आयुष्यभर सेकंदाचे दशांश विकत घेतल्यासारखे जपले, त्याला आता आपला प्रत्येक दशांश खोटा वाटायला लागला आहे. आजारापेक्षा मला याची जास्त काळजी वाटते. आजाराला निदान गोळ्या आहेत.

आधी आजाराचं सांगून टाकतो, म्हणजे तू उगाच घाबरणार नाहीस. कंपवातात मेंदूतलं डोपामिन कमी पडतं, हे तुला ठाऊक असेल. त्याचं काम हातापायांच्या हालचालींपुरतंच नाही. दोन क्षणांमधलं अंतर जोखायलाही मेंदूला ते लागतं. त्यामुळे या आजारात अनेकांचा सेकंदा-मिनिटांचा अंदाज बिघडतो आणि औषध लागू पडलं की बराचसा सुधारतो. आम्ही मोजलं ती वेळ नेमकी गोळी उतरायची होती. हे सगळं मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं." ते 'बरं' तुझ्या ओळखीचं आहे. स्टार्ट चुकल्यावर आपण कारण सांगायला लागलो की यायचं तेच.

मग मी त्यांना त्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. मिशेल सिफ्र नावाचा भूवैज्ञानिक 1962 साली आल्प्समधल्या एका खोल गुहेत घड्याळाशिवाय जाऊन राहिला. वय तेवीस, तब्येत ठणठणीत. दोन महिने आत होता. वरच्या साथीदारांना तो फोन करायचा, पण त्यांनी त्याला वेळ सांगायची नाही असं ठरलेलं. फोनवर तो सेकंदाला एक या हिशोबाने एकशेवीसपर्यंत मोजायचा. दोन मिनिटांचं काम. वरच्या लोकांच्या घड्याळात एकदा त्याला पाच मिनिटं लागली! मुदत संपून 14 सप्टेंबरला त्याला बाहेर काढलं, तर त्याच्या नोंदवहीप्रमाणे अजून 20 ऑगस्टच होता. जवळजवळ चार आठवडे त्याच्या हिशोबातून गळून पडले होते. तरण्याताठ्या माणसाची ही गत, मग सरांचं दीड मिनिट म्हणजे काय मोठंसं?

सर म्हणाले, "तो गुहेत होता. मी घरात आहे."

दुसऱ्या वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाले, "मी बघितलं की काटा थबकतो. मग चालायला लागतो. हेही आजारातलंच." तेव्हा मला खरंच आनंद झाला, कारण हे तुझ्या-माझ्यासकट सगळ्यांना होतं. आत्ता पत्र खाली ठेव आणि सेकंदकाट्याच्या एखाद्या घड्याळाकडे झटकन नजर टाक. पहिला सेकंद पुढच्यांपेक्षा लांब वाटेल. नजर एका जागेवरून दुसरीकडे उडी मारते तेवढ्या वेळात डोळ्यांना धड काही दिसत नाही, आणि ती फट मेंदू नंतर दिसलेल्या चित्रानेच बुजवून टाकतो. म्हणजे नजर पोचण्याच्या थोडं आधीपासूनच आपण काटा बघत होतो, असं आपल्याला वाटतं. 2001 साली यावर रीतसर प्रयोग होऊन निबंध छापून आला आहे. मी सरांना आणि काकूंना दोघांनाही करायला लावलं. काकूंचाही काटा थबकला. सर हसले, त्या दिवसात पहिल्यांदाच. पण हसून झाल्यावर म्हणाले, "म्हणजे धडधाकट डोळासुद्धा खोटं सांगतो. मग मी तेव्हा धडधाकट होतो याचा काय उपयोग?"

बघ, मी एक दार लावतो आणि ते दुसरं उघडतात. तू असतास तर दोन शिव्या हासडून विषय संपवला असतास, आणि कदाचित तेच बरोबर ठरलं असतं.

आता तुझ्या त्या शंभर मीटरच्या शर्यतीकडे येतो. तू नाक मुरडशील. मुरड. पण वाच.

तुझ्या डोक्यात इतकी वर्षं एकच चित्र आहे: दोन घड्याळं, एकात 11.1 सेकंद आणि सरांच्या हातातल्यात 11.4. निवडीला 11.2 हवे होते. तिसऱ्या पंचाचं घड्याळ सुरूच झालं नाही. तीन असती तर मधला वेळ धरला असता. दोनच उरली आणि जुळली नाहीत, तर नियमाप्रमाणे जास्त वेळाचं घड्याळ खरं. म्हणजे आपल्याच सरांचं. तू म्हणालास, "परक्या माणसाने मला निवडलं आणि घरच्याने पाडलं." त्या वेळी मी तुझ्याच बाजूने भांडलो, आणि मित्र म्हणून आजही भांडेन. पण हिशोब वेगळा आहे.

मी फिनिशपाशी उभा होतो. ते दुसरे गृहस्थ स्टार्टकडे बघत नव्हते. शेजाऱ्याशी बोलत होते आणि पिस्तूल वाजल्यावर दचकून त्यांनी घड्याळ दाबलं. हे मी तुला त्याच दिवशी सांगितलं होतं, पण त्याचा अर्थ लावण्याच्या मनःस्थितीत आपण कोणीच नव्हतो. आता लाव. पिस्तुलाचा धूर उडालेला दिसायला काहीच वेळ लागत नाही. आवाजाला मात्र शंभर मीटर यायला साधारण 0.29 सेकंद लागतात. ऐकून हात हलवायला बघून हलवण्यापेक्षा किंचित कमी वेळ लागतो, सेकंदाच्या काही शतांशांइतका. तो वजा कर. त्या गृहस्थांचं घड्याळ सरांच्या घड्याळापेक्षा साधारण पाव सेकंद उशिरा सुरू झालं. उशिरा सुरू झालेलं घड्याळ कमीच वेळ दाखवणार. वरून हाताने घेतलेला वेळ पुढच्या दशांशाला नेऊन मांडतात, त्यामुळे पाव सेकंदाचे तीन दशांश व्हायला काही अडचण नाही. सरांनी आपल्याला घसा फोडून काय शिकवलं होतं? "धूर बघा, आवाज ऐकू नका!" त्या मैदानावर धूर बघणारा एकच माणूस होता.

आणखी एक गोष्ट, तीही गिळून टाक. धूर बघून दाबलेलं घड्याळसुद्धा पळणाऱ्याच्या फायद्याचंच असतं. सुरुवातीला धूर अचानक उडतो, म्हणून बोट मागे पडतं. शेवटी मात्र पळणारा येताना दिसत असतो, म्हणून बोट वेळेवर दाबलं जातं. सुरुवातीचा उशीर तसाच शिल्लक राहतो. म्हणूनच शंभर मीटरमध्ये हाताने घेतलेला वेळ विजेच्या घड्याळाशी ताडून बघायचा तर त्यात 0.24 सेकंद मिळवतात. तुझे 11.4 म्हणजे विजेच्या हिशोबाने 11.64. सरांनी तुझं काही घेतलं नाही रे. घड्याळाने तुला दिलंच होतं, फक्त पुरेसं दिलं नाही.

रागावलास? थोडा थांब. तुझ्या बाजूचंही सांगायचं आहे.

तू नेहमी म्हणायचास, शेवटचे वीस मीटर वेळ थांबल्यासारखा झाला होता, फीत हवेत हलताना दिसत होती, शेजारच्या लेनमधल्या पोराचा श्वास ऐकू येत होता. मी म्हणायचो, थापा. आपलं त्यावरून बसमध्ये वाजलं होतं आणि तू माझ्याशी दोन थांबे बोलला नव्हतास. तर ऐक, अमेरिकेत डेव्हिड इगलमन या मेंदूशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर एक धाडसी प्रयोग केला, 2007 साली तो छापून आला. माणसांना सुमारे 31 मीटर उंचीवरून पाठ खाली करून जाळ्यात सोडलं. प्रत्येकाच्या मनगटावर एक पडदा. त्यावरचे आकडे इतक्या वेगाने पालटत होते की एरवी वाचताच येऊ नयेत. भीतीने वेळ खरोखर मंदावत असेल, तर पडताना ते वाचता यायला हवेत. कोणालाही जास्त वाचता आले नाहीत. पण आपण किती वेळ पडत होतो असं विचारलं, तर दुसऱ्याच्या पडण्याला त्यांनी जो वेळ दिला होता, त्याहून स्वतःच्या पडण्याला सरासरी 36 टक्के जास्त दिला. बघण्याचा वेग तोच राहतो. आठवण मात्र दाट साठते, आणि दाट साठलेली आठवण मागे वळून बघताना लांब वाटते. म्हणजे तू थापा मारत नव्हतास. ती फीत तुझ्या आठवणीत खरंच तेवढा वेळ हलते आहे. फक्त घड्याळाला तुझी आठवण मोजता येत नाही.

काकूंकडे बघून हे मला जास्त कळतं. त्यांची दुपार संपता संपत नाही. गोळीची वेळ, मग पुढची गोळी, मधे सरांना उठवणं, बसवणं. दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बघतात. आणि त्याच काकू म्हणतात की वर्ष कुठे गेलं कळलंच नाही. विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने 1890 मध्येच लिहून ठेवलंय की रिकामा काळ जाताना लांबतो आणि नंतर आठवताना आखडतो; भरगच्च काळाचं उलटं. पण ते छापील पानावर वाचणं वेगळं आणि एका बाईच्या तोंडून एकाच दमात दोन्ही ऐकणं वेगळं. जाताना जड आणि गेल्यावर हाती काही नाही, अशी दोन्हीकडून त्यांची लूट चालली आहे. तिथे कोणी गेलं, नवीन काही बोललं, की तेवढा तुकडा तरी त्यांच्या हातात राहतो. मी जातो त्याचं निम्मं कारण काकू आहेत. हे सरांना सांगू नकोस.

तर सरांकडे परत. मला वाटतं, ते स्वतःशी जे करताहेत ते एका इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने आपल्या मदतनिसाशी केलं होतं. ग्रिनिचच्या वेधशाळेत आकाशातला तारा दुर्बिणीत ताणलेल्या बारीक तारेवरून सरकताना बघायचं, त्याच वेळी घड्याळाचे ठोके कानाने मोजायचे आणि दोन ठोक्यांमध्ये तारा नेमका कुठे होता ते सेकंदाच्या दशांशात सांगायचं, अशी पद्धत होती. म्हणजे आपल्या सरांचंच काम, फक्त पळणारा आकाशात. वेधशाळेचे प्रमुख नेव्हिल मास्केलाइन आणि मदतनीस डेव्हिड किन्नब्रूक यांच्या नोंदी जुळेनाशा झाल्या. मदतनिसाचे वेळ आधी अर्धा सेकंद, मग 0.8 सेकंद मागे पडायला लागले. 1796 मध्ये मास्केलाइनने त्याला कामावरून काढलं. प्रमुखाचा वेळ खरा आणि मदतनिसाचा खोटा, हे कोणी ठरवलं? प्रमुखानेच.

पुढे वीसेक वर्षांनी क्योनिग्सबर्गच्या बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने ती हकीकत वाचली आणि त्याला वेगळा प्रश्न पडला. त्याने स्वतःच्या नोंदी दुसऱ्या निष्णात निरीक्षकांशी ताडून पाहिल्या. तिथेही फरक निघाला, एकाशी तर सेकंदाहून जास्त. कोणी आळशी नव्हतं, कोणी मूर्ख नव्हतं. डोळ्याने पाहिलेलं आणि कानाने ऐकलेलं एकत्र आणायला प्रत्येकाच्या मेंदूला आपापला वेळ लागतो. त्यानंतर वेधशाळांनी माणसं काढण्याऐवजी प्रत्येकाचा फरक मोजून हिशोबात धरायला सुरुवात केली. मला ही फार मोठी गोष्ट वाटते. किन्नब्रूकला मात्र तिचा काही उपयोग झाला नाही, कारण तोवर तो हयात नव्हता. हे वाचल्यापासून तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

सर आज स्वतःच मास्केलाइन झालेत आणि स्वतःलाच कामावरून काढताहेत. आजच्या दीड मिनिटाची फूटपट्टी घेऊन ते तेव्हाचे सेकंद मोजतात. पण तेव्हा त्यांचा फरक किती होता ते आपल्याला माहीत आहे. आपण मोजलेला आहे, शेकडो वेळा, पैजा लावून! तू आणि मी सोडून त्याला दुसरा साक्षीदार नाही. वहीत शर्यती आहेत, सरांचे साठ आकडे कुठेच लिहिलेले नाहीत.

मी त्यांना हे सगळं सांगून पाहिलं. धुराचं गणित कागदावर मांडून दाखवलं. त्यांनी नीट बघितलं, आवाजाचा वेग बरोबर आहे म्हणाले, आणि कागद घडी करून परत दिला. "तू समजूत काढायला आलायस," म्हणाले. "ज्याचं गेलं तो काय म्हणतो?"

म्हणून तुला लिहितोय. तू जाऊन पाया पडावंस, माफी मागावीस, असलं काही मला नको आहे. तुझा राग तुझा आहे आणि त्यातला काही भाग रास्तही आहे. शर्यतीनंतर ते तुझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, ते मीही विसरलेलो नाही. मला एवढंच हवंय की गणित तू स्वतः करून बघ. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. पटलं, तर त्यांना तुझ्या तोंडाने सांग. नाही पटलं, तर मला लिही, आपण भांडू, पण त्यांना आत्ता काही सांगू नकोस.

तुझं कसं चाललंय? बदलीचं काय झालं? पोरगी बारावीला ना, की झाली? वहिनींनी ते नवं काम घेतलं का, तेही कळव. तुझा मागचा फोटो पाहिला, केस काळे करायचे थांबवलेस ते उत्तम केलंस.

फोन सकाळी कर. सकाळच्या गोळीनंतर तासाभराने त्यांचा आवाज मोकळा असतो, तेव्हा ते बराच वेळ बोलू शकतात. काकू उचलतील. तुझं नाव ऐकून त्या गडबडतील, त्यांना सांभाळून घे. सर फोनवर आले की मधे खूप थांबतात. ती त्यांची थांबण्याची रीत झाली आहे, लाइन तुटली समजून ठेवून देऊ नकोस. आणि तुझी सवय माहीत आहे म्हणून लिहितो: त्यांचं वाक्य तू पुरं करू नकोस. त्यांना ते स्वतः पुरं करता येतं, जरा वेळ लागतो एवढंच.

झाल्यावर मला लगेच कळव. त्या दिवशी मी फोन हातातच धरून बसेन.

तुझाच,
तिसऱ्या टप्प्यावरचा